तीन दिवसांसाठी पुरलेला हंडा

आमच्या कॉलेजातल्या कुणाच्या अंगावर कुठे किती धातू आहे, हे फक्त एका माणसाला ठाऊक होतं. प्राचार्यांच्या डाव्या मांडीत सळई आहे, इतिहासाच्या बाई पर्समध्ये अडकित्ता बाळगतात, हेडक्लार्कच्या करदोट्याला चांदीचा ताईत आहे, ही सगळी माहिती भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी स्वतः बनवलेलं यंत्र फिरवून मिळवली होती. ती ते कुणाला सांगत नसत. मला सांगितली, कारण मी रुजू झालो त्याच दिवशी त्यांनी माझ्या पोटाजवळ यंत्राची चकती धरली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "सर, बक्कल लोखंडाचं हाय. वरनं नुसतं पितळंचं पानी दिलंय." तो पट्टा मी लग्नासाठी खास पुण्याहून आणला होता, अस्सल पितळ म्हणून. माझंच गुपित फुटल्यावर बाकीच्यांची सांगायला त्यांना संकोच उरला नसावा.

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. आमचं कॉलेज नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडे, पाथर्डी मागे टाकून गोदावरीच्या दिशेने निघालं की लागणाऱ्या एका गावात. मी ताजा एम.एस्सी., फर्स्ट क्लास, आणि आपण आल्यामुळे या भागात विज्ञान आलं असं मला मनापासून वाटत होतं. कॉलेजात शिपाई, अटेंडंट सगळ्यांनाच मामा म्हणायची पद्धत होती, पण नुसतं 'मामा' म्हटलं की हेच. काटक, पन्नाशीला आलेले. इतरांच्या खांद्यावर पंचा असतो तसा यांच्या गळ्यात एक जुना हेडफोन असायचा, कशालाही जोडलेला नसला तरी. चालायचे ते हळू, उजवा हात डावीकडून उजवीकडे नेत, हातात यंत्र नसतानाही. लॅबसुद्धा तशीच झाडायचे. झाडूचा प्रत्येक फेर आधीच्या फेरावर निम्मा चढवून. "फट ऱ्हायली की नेमकं त्यातच असतं," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांनी झाडलेल्या खोलीत टाचणी सापडायची नाही आणि झाडून होईपर्यंत माझं पहिलं प्रॅक्टिकल बुडायचं.

वीस-बावीस वर्षं पोरांच्या जर्नलवर शिक्के मारून मारून त्यांच्या डोक्याचंच जर्नल झालं होतं. कुठलीही गोष्ट उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान या पाच खणांत बसवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. उशिरा आलेल्या पोराला ते कारण विचारायचे नाहीत. "उद्देश?" एवढंच विचारायचे. माझं पहिलं लेक्चर त्यांनी मागच्या दारात उभं राहून ऐकलं आणि मी घाम पुसत बाहेर आलो तेव्हा हळूच सांगितलं, "उद्देश, ओहमचा नियम. साहित्य, खडू. निरीक्षण, मागची चार पोरं झोपली. अनुमान, सर नवीन हायेत." मला राग आला, पण निरीक्षणात चूक काढता येईना. मोजली तेव्हा चारच झोपली होती.

त्यांचं यंत्र बघून मी हसलो होतो हे इथेच कबूल करून टाकतो. रव्याच्या चाळणीच्या कडेवर तांब्याची तार गुंडाळलेली, तुषार सिंचनाच्या पाइपचा दांडा, साबणाच्या डबीत बसवलेलं सर्किट. ते त्यांनी कुठल्याशा इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकातून बघून जोडलं होतं. एकच फ्रिक्वेन्सी. चाळणीखाली धातू आला की हेडफोनातली शिट्टी चढायची किंवा उतरायची. कोरड्या जमिनीत त्यांना वीतभर खोलीवरचा खिळा समजायचा. ओल्या जमिनीत मात्र ते यंत्र सगळीकडेच शिट्टी मारायचं, आणि मामांना जे शोधायचं होतं ते नेमकं ओल्यात होतं.

ते काय होतं, हे सांगायला हवं. मामांचं मूळ गाव जायकवाडीच्या पाण्याखाली गेलं. त्यांचा बौद्धवाडा नदीच्या अंगाला, गावातला सगळ्यात सखल भाग. गोदावरीच्या पुराची तिथे सवयच होती. पाणी चढायला लागलं की बायका जड भांडी घरातच जमिनीत पुरायच्या, तोंडाला फडकं बांधून शेणमातीने लिंपायच्या, आणि धान्य डोक्यावर घेऊन माळावर जाऊन बसायच्या. तीन दिवसांनी पाणी ओसरलं की येऊन उकरून काढायच्या. धरणाचं पाणी येणार हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं, सामान नव्या गावात हललं होतं. पण पाण्याचा मोठा तांब्याचा हंडा आईने रोजच्या वापराला मागे ठेवला होता. शेवटच्या दिवशी पाणी दारात आलं आणि ट्रॅक्टर निघायच्या घाईला आला, तेव्हा तिने सवयीने म्हटलं, हंडा पुर. मामांनी खड्डा खणला, हंडा पुरला.

"मला म्हाईत हुतं सर, हे पानी काय जानार न्हाई," मामांनी मला सांगितलं होतं. "पन तिला समजावत बसायला येळ नव्हता. मी म्हनलं, चल बस, तीन दिसांत आनून देतो."

त्याला अठरा वर्षं होऊन गेली होती. आई ऐंशीच्या पुढे गेली होती आणि संध्याकाळी घरात पाणी भरलं की अजून विचारायची, हंडा आणला का? मामा म्हणायचे, उद्या जातो. दर मे महिन्यात धरणाचं पाणी खाली गेलं की ते खरोखरच जायचे. दरवर्षी जागा उघडी पडायची नाही. पडली तरी वर मांडीएवढा काळा गाळ, भिंती विरघळलेल्या, कुठलं घर कुणाचं ते कळायचं नाही. गाळ उन्हाने तापून त्यावर पांढरी खार फुटलेली आणि खाली ओल. समुद्रकाठच्या खाऱ्या रेतीसारखीच ती जागा, फक्त आमच्याकडे समुद्र नाही. तिथे मामांच्या चाळणीला प्रत्येक पावलावर धातू असल्याचा भास व्हायचा, आणि मामांचा नियम होता की आवाज आला की खणायचं. ते अख्खा दिवस खणायचे.

खणलेलं ते टाकून देत नसत. आठवडे बाजारात भाजीवाल्यांच्या ओळीच्या शेवटी गोणपाट अंथरून मामा बसायचे. वर गंजलेल्या वस्तू मांडलेल्या. बैलाच्या गळ्यातली घंटा, विळे, दाराची कडी, पळी, जात्याचा खुंटा, एकदा तर कुणाच्या तरी पायातला वाळा. पुठ्ठ्यावर खडूने लिहिलेलं, 'ओळखा आणि न्या'. पाण्याखाली गेलेल्या गावांची माणसं बाजाराला येत, उकिडवी बसत, एकेक वस्तू उलटीपालटी करून बघत. मी एकदा तिथून जात होतो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ ती कडी हातात घेऊन म्हणत होते, "ही आमचीच हाय. हिला मीच बडवून वाकडी केल्ती, दार लागंना म्हनून." मामांनी विचारलं, "कुठल्या अंगाला वाकडी हाय, न बघता सांगा." म्हाताऱ्यांनी डोळे मिटून सांगितलं आणि कडी धोतराच्या सोग्यात बांधून घेऊन गेले. मामांनी मला हाक मारली. मी हाक ऐकूच आली नाही असं दाखवून वांगी घ्यायला वळलो, कारण माझ्याबरोबर गणिताचे प्राध्यापक होते. आपल्या लॅबचा माणूस बाजारात भंगार घेऊन बसतो, हे मला कमीपणाचं वाटत होतं.

मग माझ्या आयुष्यात अमेरिकेचं यंत्र आलं. माझ्या बायकोचा भाऊ तिकडे असतो. सुट्टीच्या दिवशी तो समुद्रकिनाऱ्यावर लोकांच्या हरवलेल्या अंगठ्या आणि नाणी शोधत हिंडायचा. नवीन यंत्र घेतलं म्हणून जुनं त्याने मला आणून दिलं. मल्टी-फ्रिक्वेन्सी. काळीभोर पाणी न शिरणारी चकती, तीन बटणं, आणि चाळीस पानांचं मॅन्युअल, ज्याच्या मुखपृष्ठावर अर्ध्या चड्डीतला एक गोरा गृहस्थ लाटांत उभा राहून हसत होता. मी ते यंत्र लॅबमध्ये नेलं ते मामांना दिपवायला. त्यांना खुर्चीवर बसवलं आणि एक फ्रिक्वेन्सी आणि अनेक फ्रिक्वेन्सी यांतल्या फरकावर फळ्यावर आकृत्या काढून पस्तीस मिनिटं लेक्चर दिलं. या वेळी पोरं नव्हती, त्यामुळे कुणी झोपलं नाही.

मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे बघा सर, एका चाळनीनं चाळलं तर खडा आन् दाना एकाच मापाचा असला की फसतोच मानूस. दोन-तीन मापाच्या चाळन्या घेतल्या तर कुठल्या चाळनीतनं काय पडतंय त्याच्यावरनं कळतं. खार सगळ्यांत सारखी पडत न्हाई, तांबं सारखं पडत न्हाई. त्यातनं खार वजा करायची." माझ्या पस्तीस मिनिटांचं सार त्यांनी एवढ्यात सांगितलं. मी म्हणालो, "हो, ढोबळमानाने तसंच." ढोबळमानाने हा शब्द मी त्या काळात फार वापरायचो, विशेषतः समोरच्याचं बरोबर असलं की.

पुढचे पंधरा दिवस मामांनी दोन्ही यंत्रांची परीक्षा घेतली. प्लॅस्टिकच्या टबात कोरडी वाळू, मग ओली, मग मिठाच्या पाण्याने भिजवलेली, त्यात तांब्याचा तुकडा आणि खिळा. सगळं जर्नलमध्ये. कोरड्या वाळूत त्यांची चाळणी अमेरिकेच्या तोडीस तोड निघाली, उलट चटकन बोलायची. मीठ पडलं की ती रिकाम्या टबावरही रडायची, आणि माझं यंत्र तांबं येईपर्यंत शांत. "कोरड्यात माझं, वल्ल्यात तुमचं," असा मामांनी निकाल दिला. फक्त एका बटणावर त्यांचा विश्वास बसेना. ते फिरवलं की यंत्र लोखंड, पत्रा, डबे असा कचरा वगळायचं. "काय कचरा हाय ते मशीननं ठरवायचं व्हय?" ते विचारायचे. मी हसून मॅन्युअल उघडून दाखवायचो. इंग्रजी मॅन्युअल बोट ठेवून वाचून दाखवलं की समोरचा गप्प बसतो, हा माझा अनुभव होता.

निघायच्या आदल्या दिवशी मामांनी मला आईला भेटायला नेलं. पुनर्वसन गावातलं दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, ओट्यावर आई बसलेली. तिने यंत्राच्या चकतीवरून हात फिरवला. तिला ते विहिरीचं पाणी दाखवायचं काहीतरी वाटलं असावं.

"ह्ये सर," मामा म्हणाले. "ह्यांच्या मशीनला हंडा दिसतोय, पान्यातला बी."

"तांब्याचा हाय," आई मला म्हणाली. "भावानं दिल्याला. नाव घातलंय त्याच्यावर माजं. मला काय वाचाया येत न्हाई, पन बोटाला लागतं. तुमी शिकल्यालं हाय. तुमाला घावंल."

मी म्हणालो, "सापडेल, आजी. काळजी करू नका." एवढं ठाम मी एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेतही बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मी हाफ पँट घातली. मॅन्युअलवरच्या गृहस्थाने घातली होती म्हणून. वर हॅट, पांढरे मोजे, बूट. जीपमध्ये दाटीने बसलेल्या बायकांनी आधी तोंडाला पदर लावला आणि मग उघडच हसायला सुरुवात केली. काठावर पोहोचलो तर मेंढपाळांची कुत्री माझ्या पायांवर भुंकायला लागली. मामा मात्र गंभीर होते. पाणी त्या वर्षी बरंच मागे हटलं होतं. त्यांनी गाळात उभं राहून एक बाभळीचा खुंट शोधला आणि म्हणाले, "ह्यो वाड्याच्या कडंचा. आमचं घर ह्याच्यापासून पन्नास पावलांच्या आत, कुठल्या अंगाला ते सांगता यायचं न्हाई."

यंत्र माझ्या हातात, हेडफोन माझ्या कानांत, कुदळ आणि फावडं मामांच्या खांद्यावर. मी पुढे, ते मागे. पहिल्या तासात खिळे, पळीचा तुकडा आणि एक जुनं नाणं निघालं. नाणं निघालं तेव्हा मी ओरडलो. मामांनी ते पुसून माझ्या हातात दिलं आणि खुंटाकडे बघत राहिले.

दुपारच्या सुमाराला, खुंटापासून तीस-पस्तीस पावलांवर, हेडफोनात एक वेगळाच आवाज आला. टोकदार नाही. लांबलचक, पसरट, सुरू कुठे होतो आणि संपतो कुठे ते कळू नये असा. मी पुढे गेलो, मागे आलो, पुन्हा गेलो. तीनदा तो आवाज पायाखालून गेला. मी थांबून मॅन्युअल काढलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की असा रुंद, कडा नसलेला आवाज म्हणजे पत्रा, पिंप, गाडीचा भाग असला मोठा कचरा, त्यावर वेळ घालवू नये.

"पत्रा आहे, मामा," मी म्हणालो.

मामा कुदळ खाली ठेवून उभे राहिले. "खनून बघू का?"

"कशाला? यात लिहिलंय." मी पान दाखवलं.

त्यांनी पानाकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, माझ्या हॅटकडे पाहिलं. अठरा वर्षांत आवाज आल्यावर ते खणल्याशिवाय कधी पुढे गेले नव्हते. त्या दिवशी त्यांनी कुदळ उचलून खांद्यावर घेतली आणि माझ्या मागून चालायला लागले. संध्याकाळी आम्ही नाणं, खिळे आणि माझे उन्हाने भाजलेले गुडघे घेऊन परत आलो. ते नाणं मी आठवडाभर स्टाफरूममध्ये दाखवत होतो.

जून लागला. एके दिवशी सकाळी बायकोने अंगणात आंघोळीच्या पाण्याचा बंब चिंच लावून घासायला काढला होता. शेजारचे लोक जमले होते आणि मी त्यांना यंत्र दाखवत होतो. चकती फिरवता फिरवता ती बंबावरून गेली आणि माझ्या कानांत तोच आवाज आला. लांबलचक, पसरट, कडा नसलेला. मी पुन्हा फिरवली. तोच. शंकाच नव्हती. मोठं तांब्याचं भांडं असंच बोलतं. मॅन्युअल लिहिणाऱ्याला समुद्रकाठी अंगठ्या शोधायच्या होत्या. जमिनीत हंडा पुरून लोक माळावर जातात हे त्याला कोण सांगणार? ते मला ठाऊक होतं, आणि तरी मी त्याचं ऐकलं.

माझा चेहरा बघून बायको म्हणाली, "काय झालं?" शेजारी गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती चिंचेच्या हातांनीच उठली. "आत्ताच्या आत्ता जाऊन मामांना सांगा."

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

उद्याचे आठ दिवस झाले. पहिल्या दिवशी ॲडमिशनची गडबड होती. दुसऱ्या दिवशी मामा रजेवर होते, आणि तेवढ्यानेच मला हायसं वाटलं. तिसऱ्या दिवशी ते समोर होते, काचेची नळकांडी पुसत होते, आणि माझ्या तोंडून 'पंखा लावा' एवढंच निघालं. कारण काय होतं ते आता लपवण्यात अर्थ नाही. ज्या माणसाला मी फळ्यासमोर बसवून शिकवलं होतं, त्याच्यापुढे मला 'चुकलो' म्हणायचं नव्हतं. रोज मी मनात वाक्य जुळवायचो, आणि प्रत्येक वाक्यात दोष कसा कोण जाणे मॅन्युअलचाच निघायचा. बायकोने चौथ्या दिवसापासून माझ्याशी बोलणं कमी केलं.

नवव्या दिवशी सांगितलं. सांगताना मी असं सांगितलं की जणू हे मला त्याच सकाळी सुचलं. मामांनी हातातलं फडकं टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "चला." आम्ही तसेच निघालो. पण मधल्या दिवसांत नाशिककडे जोराचा पाऊस झाला होता आणि गोदावरीला पाणी आलं होतं. बाभळीचा खुंट दिसत नव्हता. जिथे मी हॅट घालून उभा होतो तिथे पाणी हलत होतं. मामा घोट्यापर्यंत पाण्यात गेले, मग गुडघ्यापर्यंत, मग थांबले. परत आले आणि पायजम्याचे पाय पिळत म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलं, सर."

एवढंच. मी मान डोलावली. मान डोलावली, हेही मी कधी विसरणार नाही.

आई दिवाळीनंतर थंडीत गेली. आजार काही नव्हता, वयच झालं होतं. मी आणि बायको भेटायला गेलो. मी पुरुषमंडळींत ओट्यावर बसलो, ती आत गेली. बोलता बोलता मामांची बहीण रडत म्हणाली की शेवटच्या दिवसांत तिला माणसं ओळखू येईनात, पण हंडा आठवत होता. मामा माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवून गेले.

ते वर्षभर माझ्याशी जसे होते तसेच वागत राहिले. तेच आदबीने बोलणं, तेच उपकरण मागण्याआधी काढून ठेवणं. कधी कधी माझ्या यंत्रातले सेल काढून कोरड्या कापडाने पुसून परत घालायचे, गंज धरू नये म्हणून. मला वाटलं, या माणसाने आपल्याला माफ केलं, किंवा काही ठाऊकच नाही. दोन्हींपैकी काहीही असलं तरी मला चालण्यासारखं होतं.

पुढच्या मे महिन्यात पाणी पुन्हा खाली गेलं. एका सकाळी मामा माझ्या दारात उभे होते. "सर, मशीन घेऊन येता का?"

मी लांब पँट घातली आणि निघालो. मॅन्युअल घरीच ठेवलं. खुंट वर आला होता. तीस-पस्तीस पावलांवर तो पसरट आवाज मला मिळाला, आणि या वेळी मी काही न बोलता हेडफोन काढून मामांच्या डोक्यावर चढवला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग खणायला लागले. मी फावड्याने गाळ ओढत होतो. दोन हात खाली गेल्यावर कुदळ ठण्ण वाजली. मामांनी ती बाजूला फेकली आणि हातांनी उकरायला सुरुवात केली.

हिरवा पडलेला गळा वर आला, मग खांदा. तोंडाला बांधलेलं फडकं कुजून गेलं होतं, आत काठोकाठ काळा चिखल होता. मामांनी ओंजळीने पाणी मारून खांद्यावरची माती धुतली आणि ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं दिसली. आईचं नाव, आणि खाली 'हिस भावाकडून'. मामांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं. मग खड्ड्यात हंड्याला टेकून बसले आणि तोंड फिरवून बराच वेळ रडले. मलाही रडू आलं, पण तिथे रडायचा हक्क आपल्याला नाही असं वाटलं, म्हणून मी फावड्याचा चिखल काढत राहिलो.

ते शांत झाल्यावर माझ्याने राहवेना.

"मामा, मला गेल्या जूनमध्येच कळलं होतं. तुम्हाला सांगितलं त्याच्या आठ दिवस आधी. पाणी तेव्हा आलं नव्हतं. मी गप्प बसलो."

"म्हाईत हाय," मामा म्हणाले. "आईच्या माघारी तुमी आलता, तवाच वहिनींनी सांगितलं."

सहा महिने. मी म्हणालो, "मग तुम्ही काही बोलला नाहीत. तुम्हाला राग नाही आला?"

"आला की. लई आला." त्यांनी हंड्याच्या पोटात हात घालून चिखलाचा एक गोळा काढून बाजूला टाकला. "पन मशीन तुमच्याकडं हुतं."

मी गाळात उभा होतो. यंत्र माझ्या पायाशी पडलेलं होतं, आणि हेडफोन अजून त्यांच्या गळ्यात होता. मी विचारलं, "राग अजून आहे?"

"हाय," मामा म्हणाले. त्यांनी हंड्याच्या गळ्याखाली दोन्ही हात घातले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "धरा तिकडनं. जड हाय."

मी खाली वाकलो आणि धरलं.